संयुक्त पदवी, अर्थसाहाय्य आणि मराठीचा अभ्यास : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

१. संकल्पना

दोन देशांतील दोन विद्यापीठांनी एकत्र येऊन अभ्यासक्रम आखावा, विद्यार्थ्याने दोन्हीकडे काही काळ शिकावे आणि अखेरीस त्याच्या पदवीपत्रावर दोन्ही विद्यापीठांची मोहोर असावी, ही संयुक्त पदवीची स्थूल कल्पना होय. भारतात या कल्पनेला आज निश्चित नियमांची चौकट लाभलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांत तीन प्रकार वेगळे केले आहेत. ट्विनिंग अभ्यासक्रमात पदवी भारतीय संस्थाच देते आणि परदेशात मिळवलेले श्रेयांक तीस टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाहीत. संयुक्त पदवीत अभ्यासक्रम दोन्ही संस्था मिळून तयार करतात, प्रत्येक संस्थेकडून किमान तीस टक्के श्रेयांक मिळवावे लागतात आणि पदवीपत्र एकच असते. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था स्वतंत्र पदव्या देतात. तेथेही भारतीय संस्थेचा वाटा तीस टक्क्यांहून कमी असून चालत नाही. 'नॅक'चे किमान ३.०१ गुणांकन असलेल्या, अथवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत असलेल्या भारतीय संस्थेला, जागतिक क्रमवारीतील पहिल्या हजारांतील विद्यापीठाशी असा करार करता येतो.

या नियमांचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. ते परवानगी देतात. अनुदान देत नाहीत. करार कोणी कोणाशी करावा हे त्यांत आहे, परंतु त्याचा खर्च कोणी सोसावा हे त्यांत नाही. संगणकशास्त्र किंवा व्यवस्थापन यांसारख्या विषयांत हा प्रश्न बहुधा विद्यार्थ्याच्या शुल्कावर सोडून दिला जातो. मराठीसारख्या विषयात तसे करता येत नाही. त्यातही परभणीसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याचा विचार केला, तर अर्थसाहाय्याचा प्रश्न हा अभ्यासक्रमाच्या आखणीनंतरचा प्रश्न राहत नाही. तो आखणीचाच पहिला प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पूर्वानुभवाच्या आधारे केला आहे.

२. पूर्वपीठिका

'संयुक्त पदवी' ही संज्ञा नवी असली तरी दोन विद्यापीठांत विभागलेले शिक्षण आणि त्यामागील पैशाची व्यवस्था या गोष्टी मराठी माणसाला नव्या नाहीत. यासंदर्भात तीन उदाहरणे विशेष बोलकी आहेत.

पहिले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट करारात होती. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठवलेली रक्कम, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्यानंतर, म्हणजे १९२७ मध्ये मिळाली. येथे दोन गोष्टी दिसतात. गुणवत्तेत कोठेही उणे नसताना केवळ मुदत संपली म्हणून अभ्यास तुटतो. आणि प्रबंधाच्या छपाईसारखा शेवटचा, किरकोळ वाटणारा खर्चही पदवी कित्येक वर्षे लांबवू शकतो. याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्यात उच्च शिक्षणाची वाट रुंद झाली, ही घटना या संदर्भात केवळ योगायोगाची नाही. व्यक्तीला मिळालेले साहाय्य संस्थेत रूपांतरित करावे लागते, याची जाण तिच्यामागे होती.

दुसरे उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. डॉ. सु. मं. कत्रे संचालक असताना, १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने तेथे भाषाविज्ञानाचा मोठा उपक्रम चालला. अमेरिकन भाषावैज्ञानिक पुण्यास येऊन शिकवीत, तरुण भारतीय अभ्यासक अमेरिकेत जात आणि सुट्ट्यांत भाषाविज्ञानाचे वर्ग भरत. याच काळात अशोक रा. केळकर यांनी मराठीच्या स्वनव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहून १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले आणि मराठी समीक्षेलाही नवी परिभाषा दिली. २०१० मध्ये त्यांच्या 'रुजुवात' या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. या उपक्रमात पदवी संयुक्त नव्हती. मात्र साहाय्य खऱ्या अर्थाने संयुक्त होते. पैसा प्रवासाइतकाच वर्गांवरही खर्च झाला. त्यामुळे अनुदान संपल्यानंतरही परंपरा उरली.

तिसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्यान्वये भारताला धान्य मिळाले आणि त्याची किंमत रुपयांत जमा झाली. या रुपयांतील काही भाग विद्याव्यवहाराकडे वळला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या विद्यापीठ-समूहाच्या संस्थेला त्यातून बळ मिळाले. याच निधीतून मराठी पुस्तके अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जाऊन पोहोचली. त्यानंतरच्या दशकांत एलिनॉर झेलियट, मॅक्सीन बर्नसन, अ‍ॅन फेल्डहाउस यांसारख्या अभ्यासकांनी मराठीत मूलगामी काम केले. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला जुन्या मराठीचा कोश हे दोन देशांतील विद्वत्तेच्या सहकार्याचे उत्तम फळ होय. तथापि या व्यवस्थेत ये-जा मुख्यतः एकेरी राहिली. परदेशी विद्यार्थी महाराष्ट्रात आला. मराठवाड्यातील मराठीचा विद्यार्थी त्याच मार्गाने उलट जाऊ शकला नाही. या अभ्यासकांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. निधीची रचनाच तशी होती.

३. परभणी जिल्ह्याचे भांडवल

संयुक्त अभ्यासक्रमात प्रत्येक भागीदाराने काही आणावे लागते. परभणी जिल्ह्यातील मराठीचे अध्यापक व विद्यार्थी काय आणू शकतात, याचे उत्तर पैशात नसले तरी ठोस आहे.

गंगाखेड हे परंपरेने संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा जो संग्रह १९९१ मध्ये न्यूयॉर्कहून इंग्रजीत प्रसिद्ध झाला, त्यातही जनाबाईंचा समावेश आहे. तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या सातोन्याचे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांनी निजामी राजवटीतील मराठवाड्याचे जीवन कवितेत, कथेत आणि 'आडगावचे चौधरी'सारख्या कादंबरीत आणले. जनाबाईंची ओवी जिवंत ठेवणारी परंपरा जात्यावर होती. ताडकळससारख्या गावातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी उभारलेल्या संग्रहात नोंदल्या गेल्या आहेत. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहाची संगणकीय मांडणी करण्यात बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकाचा मोठा वाटा आहे. म्हणजे परभणीच्या मराठीचा आंतरराष्ट्रीय अभ्यास याआधीच झालेला आहे. फक्त त्यातून जिल्ह्यातील विद्यार्थ्याला श्रेयांक मिळालेले नाहीत.

भाषेच्या दृष्टीनेही हा प्रदेश संपन्न आहे. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने येथील मराठीचा उर्दू, दखनी, तेलुगू आणि बंजारा भाषांशी नित्य संबंध आला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. उच्च शिक्षणासाठी तेथे गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला मातृभाषा सोडून दुसऱ्या भारतीय भाषेत ज्ञान मिळवावे लागे. संयुक्त पदवीच्या चर्चेत माध्यमाचा प्रश्न येतो तेव्हा मराठवाड्याला हा अनुभव आठवणे इष्ट ठरते. प्रबंध इंग्रजीत लिहिण्याची सक्ती झाली, तर मराठी पुन्हा केवळ अभ्यासविषय उरेल. अभ्यासाची भाषा राहणार नाही.

संस्थात्मक पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी लागते. जिल्ह्यातील महाविद्यालये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. परभणी शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यास २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचे नाव देण्यात आले. या कृषी विद्यापीठाला राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून डिजिटल शेतीविषयक केंद्रासाठी साहाय्य मिळाले. २०१७ मध्ये करार झालेल्या या राष्ट्रीय प्रकल्पाचा खर्च जागतिक बँक आणि भारत सरकार यांनी निम्मा-निम्मा उचलला. बँकेचे कर्ज आठ कोटी पंचवीस लक्ष डॉलरांचे होते. एकाच शहरात कृषी विद्याशाखेला असा निधी उपलब्ध होतो आणि मराठी विभागाला होत नाही, यामागे केवळ उपेक्षा नाही. कृषी क्षेत्रात निधी संस्थेच्या नावे मागण्याची यंत्रणा आहे. भाषाविषयांत साहाय्य म्हणजे एकट्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, अशीच समजूत रूढ आहे.

४. खर्चाची विभागणी

ही समजूत किती अपुरी आहे हे युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेवरून स्पष्ट होते. २००४ पासून चालू असलेल्या या योजनेत निरनिराळ्या देशांतील किमान तीन विद्यापीठे मिळून संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात. २०२१ ते २०२७ या कालखंडातील नियमांनुसार शिष्यवृत्तीधारकाला दरमहा १,४०० युरो मिळतात; त्याशिवाय प्रत्येक शिष्यवृत्तीधारकामागे दरमहा ७५० युरो विद्यापीठ-समूहाला मिळतात. चोवीस महिन्यांचा हिशेब केला तर विद्यार्थ्याला ३३,६०० आणि संस्थांना १८,००० युरो होतात. म्हणजे एकूण रकमेचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग शिकवणाऱ्या संस्थांसाठी राखलेला असतो.

मराठीच्या संयुक्त अभ्यासक्रमात संस्थेचा खर्च कोणता? परदेशी सत्रासाठी गेलेल्या अध्यापकाच्या जागी बदली अध्यापक नेमणे, दोन्हीकडील परीक्षापद्धती व श्रेयांक यांचा मेळ घालणे, ग्रंथालयांचे परवाने घेणे, पोथ्यांचे व ध्वनिमुद्रणांचे जतन करणे, अनुवाद व संपादन करून घेणे, तसेच परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याची निवासाची आणि मराठी शिकवण्याची सोय करणे, हे सारे खर्च विद्यार्थ्याच्या विमानाच्या तिकिटात मावत नाहीत. ते न दिल्यास तीस टक्के श्रेयांकांची अट कागदावर पूर्ण होते, परंतु तेवढे अध्यापन प्रत्यक्षात उभे राहत नाही.

व्यक्तिगत शिष्यवृत्तीचा मार्गही मराठीच्या विद्यार्थ्यासाठी अरुंद होत गेला आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तिची पात्रता परदेशी विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीशी बांधलेली आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून तर २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. ज्या वर्षी संयुक्त पदवीचे दार नियमांनी उघडले, त्याच वर्षी भूमिहीन शेतमजुराच्या किंवा दलित कुटुंबातील विद्यार्थ्याला जनाबाईंवर परदेशात संशोधन करण्यासाठी मिळू शकणारे साहाय्य बंद झाले. दोन निर्णय दोन खात्यांचे असले तरी परिणाम एकाच विद्यार्थ्यावर होतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जासोबत उत्कृष्ट अध्ययन केंद्र आणि केंद्रीय विद्यापीठांतील अध्यासने यांची तरतूद येते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु नांदेडचे विद्यापीठ राज्य विद्यापीठ असल्याने केंद्रीय विद्यापीठांतील अध्यासनांचा लाभ त्याला थेट होणार नाही. निधीचा ओघ परभणीपर्यंत यावयाचा असेल तर तो करारांतून मुद्दाम आणावा लागेल.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पूर्ण संयुक्त पदवीची घाई करण्याऐवजी एका सत्राचा जोड अभ्यासक्रम आणि दोन मार्गदर्शकांखालील पीएच.डी. यांपासून आरंभ करणे व्यवहार्य ठरेल. ताडकळसच्या ओव्या, बी. रघुनाथांचे वाङ्मय, मराठी–दखनी संबंध हे त्यासाठी सिद्ध विषय आहेत. दुसरी, करारात जिल्ह्यातील क्षेत्रकार्य, भाषाज्ञान आणि संग्रह यांना आर्थिक वाट्याइतकेच मोल द्यावे आणि क्षेत्रकार्याचे श्रेयांक भारतीय संस्थेच्या वाट्यात धरावेत. तिसरी, प्रत्येक शिष्यवृत्तीबरोबर विभागासाठी ठरावीक रक्कम राखून ठेवावी आणि तिची मुदत विद्यार्थ्याच्या मुदतीपेक्षा लांब असावी. चौथी, प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा आणि त्याच्या इंग्रजी सारांशाचा व अनुवादाचा खर्च करारातच नमूद असावा.

एखादा करार पारखताना त्यावर कोणत्या विद्यापीठाची सही आहे, एवढे पाहून भागणार नाही. विद्यार्थी परतल्यावर परभणीच्या महाविद्यालयात नवे काय उरते, हे पाहावे लागेल. बडोद्याची शिष्यवृत्ती मुदतीबरोबर संपली आणि अभ्यास तुटला. डेक्कन कॉलेजला मिळालेले साहाय्य वर्गांच्या रूपाने टिकले. मराठीच्या अध्यापकांनी परदेशी विद्यापीठाशी बोलणी करताना ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून अंदाजपत्रकाचा पहिला मसुदा करावा.