मध्यभागी एंजिन असलेली उघडी मोटार

खांद्यावर कावड घेऊन चाललेल्या माणसास वाटेत एकाएकी वळावे लागले तर काय होते, हे वाचकाने पाहिले असेल. दोन टोकांच्या घागरी आधी वळण्यास राजी नसतात आणि एकदा फिरू लागल्या की थांबण्यासही राजी नसतात. त्याच घागरी दांडीवरून सरकवून खांद्याजवळ आणल्या, तर वजन तेवढेच राहूनही माणूस सहज वळतो. पदार्थविज्ञानात या गुणास निरूढी परिबल म्हणतात. वस्तुमान परिवलनाच्या आसापासून जितके दूर, तितके ते वाढते. आणि तेही अंतराच्या नव्हे, तर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात.

मोटारीतील सर्वांत जड अवयव एंजिन होय. ते पुढे ठेवले तर गाडी आमच्या गाडीवानांच्या भाषेत धुरजड होते. मागच्या आसाच्याही मागे ठेवले तर उलार होते. दोन्ही आसांच्या मध्ये, चालकाच्या पाठीशी ठेवले तर कावडीच्या घागरी खांद्याजवळ आल्यासारखे होते. एवढा साधा उपाय असताना बहुतेक मोटारींत तो का योजला जात नाही? याचे उत्तर समजून घेण्यासाठी एका प्रत्यक्ष गाडीचा विचार करू. जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणलेली ‘बॉक्सस्टर’ ही दोन आसनांची, कापडी टप असलेली गाडी त्यासाठी सोयीची आहे. समोरासमोर सिलिंडर असलेल्या ‘बॉक्सर’ एंजिनाचे नाव व उघड्या गाडीचे ‘रोडस्टर’ हे नाव यांच्या संयोगातून तिचे नाव बनले आहे.

या कंपनीच्या नावाने १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे तयार झालेली पहिली गाडीदेखील उघडी होती आणि तिचे एंजिन मध्यभागीच होते. ते अवघे ३५ अश्वशक्तीचे होते. परंतु विक्रीसाठी गाड्या बांधण्याची वेळ आली तेव्हा आसनांमागे जागा हवी म्हणून एंजिन मागील आसाच्या पलीकडे ढकलण्यात आले. मध्यभागी एंजिन असलेल्या गाडीत मागच्या प्रवाशांच्या जागेवर एंजिन बसते, हे पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. पुढे १९५३ ची ‘५५०’ ही शर्यतीची गाडी आणि १९६९ ची ‘९१४’ यांत ही रचना पुन्हा अवतरली. तथापि कंपनीची ओळख ठरली ती मागे एंजिन असलेली ‘९११’.

बॉक्सस्टरचे एंजिन सहा सिलिंडरांचे आहे. तीन सिलिंडर डावीकडे व तीन उजवीकडे आडवे पहुडलेले असून मध्ये भुजादंड फिरतो. समोरासमोरचे दोन दट्टे एकाच वेळी बाहेर जातात व एकाच वेळी आत येतात, जणू दोन मुष्टियोद्धे परस्परांवर ठोसे उगारीत आहेत. एकाचा धक्का दुसऱ्याच्या धक्क्याने निष्प्रभ होत असल्याने एंजिन फार कमी कंप पावते. दुसरा लाभ उंचीचा. आडवे एंजिन जमिनीलगत बसते, म्हणून गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते.

आता आकडे पाहू. सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७२ मिलिमीटर. यांवरून सहा सिलिंडरांची धारिता २,४८० घन सेंटिमीटर येते. वाचकाने स्वतः गुणाकार करून पाहावा. मिनिटास ६,००० फेऱ्यांना २०४ अश्वशक्ती मिळते, आणि ४,५०० फेऱ्यांना २४५ न्यूटन-मीटर इतके सर्वाधिक पीडन परिबल. सुमारे साडेबाराशे किलोग्रॅमची ही गाडी ६.९ सेकंदांत शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचते व तिचा कमाल वेग ताशी २४० किलोमीटर आहे. पुढे १९९९ मध्ये व्यास तोच ठेवून धाव ७८ मिलिमीटर करण्यात आली. त्यायोगे धारिता २,६८७ घन सेंटिमीटर व शक्ती २२० झाली. केवळ सहा मिलिमीटरचा हा फेरफार क्षुल्लक दिसतो. परंतु तेवढ्याने ६,००० फेऱ्यांना दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास १४.४ मीटरवरून १५.६ मीटरवर जातो.

पूर्वीच्या ‘९११’ ची एंजिने हवेच्या झोताने थंड होत. बॉक्सस्टरमध्ये मात्र पाणी योजावे लागले. झाकलेल्या पोकळीत कोंडलेल्या एंजिनास वारा मिळणार कोठून? उष्णता बाहेर टाकणारे रेडिएटर गाडीच्या नाकाशी आहेत आणि पाणी नळ्यांतून गाडीची जवळजवळ सर्व लांबी पार करून जाते व परत येते. दारांमागे दोन्ही कुशींवर जी छिद्रे दिसतात ती शोभेची नव्हेत. त्यांपैकी एकातून एंजिनाला ज्वलनासाठी हवा मिळते व दुसऱ्यातून एंजिनाच्या कोठडीत वारा खेळतो.

टप काढलेल्या गाडीची आणखी एक अडचण आहे. पोलादी छप्पर केवळ ऊन-पावसापासून रक्षण करीत नाही, ते सांगाड्याला ताठ ठेवते. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका हातांत धरून पिळून पाहावा, म्हणजे हे कळेल. यासाठी बॉक्सस्टरच्या दर्शनी काचेच्या खांबांत बळकट पोलादी नळ्या घातल्या आहेत आणि गाडी उलटल्यास डोके वाचावे म्हणून आसनांमागे दोन कमानी उभारल्या आहेत. टप विजेवर बारा सेकंदांत मिटते. ती एंजिनाच्या वरच विसावते. आणि म्हणूनच मालकास आपले एंजिन सहसा दिसत नाही. तेल व पाणी घालण्याची तोंडे तेवढी मागच्या डिकीत आहेत. कारागिराला बहुतेक काम गाडी उचलून खालून करावे लागते.

कमी निरूढी परिबल हे निखळ वरदान आहे, असे मात्र समजू नये. जी गाडी चटकन वळते ती घसरली म्हणजे चटकन गिरकीही घेते, आणि चालकास सावरण्यास अवधी कमी मिळतो. यासाठी मागील टायर २२५ व पुढील २०५ मिलिमीटर रुंद ठेवले आहेत. त्यामुळे मर्यादा ओलांडली जाताना बहुधा आधी पुढची चाके सरकतात. गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते, आणि सामान्य चालक घाबरून वेग कमी करतो तेव्हा ती पुन्हा ताब्यात येते.

या एंजिनाची एक बाजू जाहिरातींत आली नाही, पण अभ्यासकास तीच अधिक शिकवते. भुजादंडाच्या खाली त्याला समांतर असा एक मध्यस्थ दंड आहे. भुजादंडाची गती साखळीने त्याला मिळते आणि त्याच्याकडून पुढे झडपा उघडणाऱ्या कॅमदंडांना. या दंडाचे एक टोक गोळ्यांच्या धारव्यावर फिरते. (कारखान्यात यास कोणी धारवा म्हणत नाही, बेअरिंगच म्हणतात.) हा धारवा दोन्ही बाजूंनी बंद असून आत कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. पण तो राहतो तेलाच्या सान्निध्यात. कालांतराने कडा झिजून तप्त, मळलेले तेल आत शिरते व ग्रीस धुऊन निघते. पुरेसे ताजे तेल मात्र खेळत नाही. गोळ्या झिजतात, दंड डळमळतो, साखळीची वेळ चुकते आणि उघड्या झडपेवर दट्टा आदळतो. हाताच्या मुठीत मावणारा एक भाग अशा रीतीने संपूर्ण एंजिनाचा नाश करतो.

प्रत्येक गाडीत असे घडले नाही. २००० च्या सुमारास दुहेरी रांगेऐवजी गोळ्यांची एकेरी रांग असलेला धारवा आला, त्याची अपकीर्ती विशेष झाली. अमेरिकेत २००१ ते २००५ या वर्षांच्या गाड्यांसंबंधी मालकांनी सामूहिक दावा लावला व २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. दरम्यान आधी मोठा धारवा बसविण्यात आला, आणि २००९ च्या प्रतिरूपांपासून आलेल्या नव्या एंजिनात तो दंडच नाहीसा झाला. भुजादंडावरून साखळ्या थेट कॅमदंडांकडे जाऊ लागल्या.

त्यापूर्वीची गाडी हाताळणाऱ्याने दर वेळी तेल बदलताना जुनी गाळणी कापून, तिच्या घड्या उलगडून उजेडात पाहाव्यात. चुंबकास चिकटणारी चकचकीत पोलादी कुसळे त्यांत आढळली, तर ते एंजिन पुन्हा सुरू करू नये.