वॉट्रस : रुळांकाठचे गाव

मुलांनो, कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या सपाट, गवताळ प्रदेशात वॉट्रस नावाचे छोटेसे गाव आहे. १९०८ च्या सुमारास ‘ग्रँड ट्रंक पॅसिफिक’ कंपनीचे रूळ तेथे पोहोचले आणि गाव वसले. स्थानकांना इतकी नावे आणावीत कोठून? कंपनीने इंग्रजी वर्णमालाच हाती धरली! व्हेन, वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा. म्हणजे व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड! घोडागाडीतून गहू आणणारा शेतकरी त्याच दिवशी घरी परतावा, म्हणून स्थानके जवळजवळ असत. वॉट्रसला इंजिने व त्यांवरील माणसे बदलत. साहजिकच ते इतरांहून वाढले. पुढे मालमोटारी आल्या, धान्य दूरवर नेणे सोपे झाले आणि लहान स्थानके ओस पडली. वॉट्रसजवळच्या खाऱ्या सरोवरात न पोहणाराही तरंगतो. ती गंमत अनुभवण्यास आजही पाहुणे येतात. झेल्मात मात्र मोजकीच माणसे उरली आहेत.