आमची हिंगोली : एक भौगोलिक ओळख

होस्टेलमध्ये ओळख होताना पहिला प्रश्न ठरलेला, 'गाव कोणतं?' हिंगोली म्हटलं की दुसरा प्रश्न, 'म्हणजे नांदेडजवळ ना?' इंग्रजी शाळेत आम्ही ऱ्हाईन नदीचा प्रवास पाठ केला, पण आमच्या कयाधूचं पाणी शेवटी कुठे जातं, हे पुस्तकात कधीच आलं नाही. म्हणून हा लेख.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तालुके पाच : हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ आणि हिंगोली शहराची ८५,१०३ होती. उत्तरेला वाशीम-यवतमाळ, म्हणजे विदर्भ. बाकी बाजूंना परभणी आणि नांदेड. अकोला-पूर्णा रेल्वेमार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि दोन्ही बाजू नीट जोडल्या गेल्या.

आता पाण्याकडे बघू. जिल्ह्यातून अजिंठ्याच्या रांगेचा एक फाटा जातो. त्याच्या दक्षिणेचा पाऊस पूर्णेत उतरतो आणि पूर्णा परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळते. उत्तरेचा पाऊस कयाधूत जातो. कयाधू वाशीमकडून येते, संत नामदेवांचं जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नर्सीवरून, हिंगोलीवरून जाते आणि पैनगंगेला मिळते. तिथून वर्धा, प्राणहिता आणि थेट सिरोंचाजवळ गोदावरी! एकाच डोंगराचं पाणी, पण भेट होते ती इतक्या लांब.

आमची अडचणही यातच आहे. पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे, पैनगंगेवर इसापूर आहे. पण दोन्ही जिल्ह्याच्या कडेला. कालव्याचं पाणी उताराने खाली जातं. वसमतला कालवा मिळाला, हळद पिकली. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सेनगाव, हिंगोलीकडच्या उंचावरच्या शेताला मात्र पाऊस आणि विहीर एवढाच आधार. धरण दिसतं, पाणी दिसत नाही, असा प्रकार.

याच भूगोलाची दुसरी बाजू बघा. समुद्र लांब, मोठे कारखाने नाहीत, खाली बेसॉल्टचा कठीण खडक. म्हणून औंढा तालुक्यातल्या दुधाळा परिसरात लायगो-इंडिया होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेझर. गुरुत्वीय लहरीमुळे त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एवढं बारीक मोजायचं तर शांत जागाच पाहिजे. जगात असे मोजमाप करणारे डिटेक्टर मोजकेच आहेत. अमेरिका, युरोपपासून लांब आणखी एक असला, तर लहर आकाशाच्या कुठल्या भागातून आली हे जास्त नेमकं कळतं.

'मग तिथे भूकंप होतात त्याचं काय?' असं कुणी विचारेल. खरं आहे, २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. पण अधूनमधून येणारा धक्का वेगळा आणि ट्रक, रेल्वे, यंत्रांची रोजची थरथर वेगळी. यंत्राला रोजची थरथर जास्त नडते.

ज्याला सगळे मागासपण म्हणत आले, तीच शांतता आज आमची पात्रता ठरली. पण विश्वातली लहर मोजणाऱ्या जिल्ह्यात उंचावरच्या शेतालाही पाणी पोचलं पाहिजे. सिव्हिलवाल्यांनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय सापडत नसेल, तर कयाधूचं खोरं बघायला जरूर या!