दोन कार्ब्युरेटर, एक एक्सलेटर : जुन्या मोटारसायकलवरचा विज्ञानाचा पाठ



बर्नोलीचे तत्त्व अकरावीची मुले परीक्षेत बरोबर लिहितात. पण "ते कुठे पाहिलंस?" असे विचारले, की गप्प होतात. पंचवटीतल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने वडिलांची राजदूत ३५० घरीच खोलली, तेव्हा हा पाठ आम्हाला अंगणातच सापडला.

ही गाडी म्हणजे यामाहा आरडी ३५० चे भारतीय रूप. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने ती इथे बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर.

आत काय घडते?

गोदावरीचे पाणी अरुंद जागेतून जाताना वेगाने धावते. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाणाऱ्या हवेचेही तसेच. वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतोच. तो पेट्रोलला जेटच्या बारीक छिद्रातून वर ढकलतो. वाटीतली पातळी फ्लोट सांभाळतो. तिथे आर्किमिडीज भेटतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते.

खोलताना, बसवताना

१. काम मोकळ्या हवेत करा. इंजिन थंड हवे, पेट्रोलचा कॉक बंद हवा आणि जवळपास आग नको. मोठे माणूस सोबत हवेच.

२. डाव्या-उजव्या कार्ब्युरेटरचे भाग वेगवेगळ्या ताटांत ठेवा. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते वहीत लिहा. नीडलची क्लिप कितव्या खाचेत होती, तेही लिहा.

३. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असते. छिद्र जरासे मोठे झाले तरी प्रमाण बिघडते. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

४. स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे हवा. इंजिनाकडचे रबर तडकलेले असेल तर बदला. तिथून जादा हवा शिरली की मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीत इंजिन जाम होऊ शकते. मागचे चाक अडकले तर जिवावर बेतते.

गाडी का अडखळत होती?

मुलाने हे सगळे नीट केले होते. तरी गाडी धक्के देत होती. त्याने प्लग बदलले, मग क्लिपची खाच बदलली, मग एअर स्क्रू फिरवला. आता नेमके कशाने काय झाले, तेच कळेना!

मी म्हटले, "आधी सगळं वहीतल्यासारखं लाव. मग एका वेळी एकच गोष्ट बदल." इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टरच्या नळ्या काढून दोन्ही तोंडांत त्याने एकेक बोट घातले आणि एक्सलेटर हळूच पिळायला लावला. डावी स्लाइड आधी उचलली जात होती, उजवी मागून. बैलजोडीतला एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा मागे रेंगाळतो, तसेच. केबलचा अ‍ॅडजस्टर थोडा फिरवल्यावर दोन्ही एकदम उचलल्या जाऊ लागल्या. ऑइल पंपाची केबलही त्याच एक्सलेटरवर चालते, म्हणून तिची खूणही तपासली.

नंतर फेरी मारून प्लग काढले. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरेपणा म्हणजे कमी. दोन्ही तपकिरी निघाले, तेव्हा त्याने वही मिटली.

वर्गासाठी प्रश्न

• वाटीत हवा यायचे छिद्र बुजले तर काय होईल?
• नीडलची क्लिप खालच्या खाचेत लावली तर पेट्रोल वाढेल की कमी होईल? का?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्यूएल इंजेक्शन आले. तेव्हा घरात जुनी गाडी उभी असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा मुलासोबत खोलून बघा. मात्र एक वही जवळ असू द्या.