सपाट म्हणजे किती सपाट?

माझे वडील गवंडी आहेत. जोते एका पातळीत आहे की नाही, हे ते पारदर्शक नळीतल्या पाण्यावरून ठरवतात. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही काचेचा सपाटपणा तपासताना शास्त्रज्ञांनीही पाण्यालाच साक्षीला बोलावले, हे वाचून कुतूहल वाटले. त्या पद्धतीची ही ओळख.

न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत मोठ्या आरशाबरोबर एक लहान सपाट आरसाही लागतो. हौशी माणूस काच कार्बोरंडमच्या भुकटीने घरी घासू शकतो. पण ती सपाट झाली हे सांगणार कोण? दुसऱ्या काचेवर ठेवून पाहावे, तर एकीचा फुगीरपणा दुसरीच्या खोलगटपणात बेमालूम बसतो आणि दोन्ही निर्दोष वाटतात. म्हणून तीन काचा आळीपाळीने ताडून पाहाव्या लागतात. प्रमाणित काच विकत घ्यावी, तर ती महाग.

१८९३ साली लॉर्ड रॅले यांनी स्थिर पाण्याचा उपाय मांडला. काच रुंद थाळीत तीन स्क्रूंवर ठेवायची, तिच्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर पाणी ठेवायचे आणि सोडियमच्या पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात पाहायचे. काचेवरून व पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या मिलाफाने काळे-पिवळे पट्टे उमटतात. काच किंचित कललेली असता पट्टे सरळ व समान अंतरावर दिसले, तर ती सपाट. वाकले, तर तितका दोष. एका पट्ट्याचा फरक म्हणजे पाण्याच्या जाडीत सुमारे २२१ नॅनोमीटरचा फरक. थर पातळ असल्याने तरंग लवकर शमतात. थाळी मात्र काचेहून बरीच रुंद हवी, कारण कडेला पाणी वर चढते.

आता शंका येईल, पृथ्वीच गोल, मग पाणी सपाट कसे? आरे-वारेच्या रस्त्यावरून समुद्र सपाट दिसतो. पण लाटा वगळल्या तरी एक किलोमीटरच्या टप्प्यात तो मध्यभागी सुमारे २ सेंटीमीटर फुगलेला असतो. १० सेंटीमीटरच्या काचेपुरता हा फुगवटा अवघा ०.२ नॅनोमीटर, म्हणजे एका पट्ट्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढा!

ज्या घरातून कोणी पूर्वी महाविद्यालयात गेले नाही, तिथल्या मुलाला ज्ञानाची मोजपट्टी नेहमी दुसऱ्याच्याच घरी असते असे वाटते. ही एक मोजपट्टी तरी विहिरीतून काढता येते. आपल्याजवळ प्रमाणित काच नाही, ही सबब आता कोणालाच सांगता येणार नाही.