मृत्युपत्र का करावे व कोणाच्या सल्ल्याने

मृत्युपत्राचे नाव काढले की आमच्या खेड्यांतील पुष्कळ घरांत वडील माणसे कानांवर हात ठेवितात. जिवंतपणी मरणाची गोष्ट कशाला, असे म्हणतात; कोणी तर तो अपशकुनच मानितात. वाटणीचा विचार त्यांच्या मनात नसतो असे नाही. "माझ्या माघारी विहिरीकडचा तुकडा धाकट्याचा, घर म्हातारीचे," असे चार माणसांत बोलून दाखविलेले असते, आणि हा शब्द मुले मोडणार नाहीत असा भरवसा असतो. पण हा भरवसा न्यायालयाच्या दारी चालत नाही. तोंडी मृत्युपत्राची मोकळीक कायद्याने लढाईवर असलेला शिपाई व समुद्रावर असलेला खलाशी अशांनाच दिली आहे. शेतकरी, शिक्षक, गवंडी यांचे मृत्युपत्र लेखीच असले पाहिजे.

लेख नसला तर काय होते, ते प्रथम पाहू. आम्हां ख्रिस्ती लोकांचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने ठरतो. (गोव्यातील वाचकांस तेथील निराळा कायदा लागू आहे. तेथे मुलेबाळे असलेल्यास निम्मीच मिळकत मनाप्रमाणे देता येते. म्हणून पुढील मजकूर त्यांनी आपल्यास लावून घेऊ नये.) मनुष्य मृत्युपत्र न करिता वारला आणि मागे विधवा व मुले असली, तर विधवेस एक तृतीयांश आणि सर्व मुलांस मिळून दोन तृतीयांश मिळते. मुलगा व मुलगी यांचा हिस्सा सारखा, मग मुलगी विवाहित असो वा अविवाहित. सलाफहादाच्या मुलींस मोशेपुढे उभे राहून जे मागावे लागले, ते आमच्या मुलींस कायद्यानेच दिले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मूलबाळ नसेल तर विधवेस अर्धे, व उरलेले अर्धे पतीच्या नातलगांस जाते.

ही वाटणी अन्यायाची आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिला घरातील माणसे दिसत नाहीत. समजा, एका मनुष्यामागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वृद्ध आई आहे. तीन खणांचे घर व तीन एकर जमीन आहे. विधवेच्या वाट्यास एका एकराएवढा हिस्सा येईल, तिघां मुलांच्या वाट्यास दोन एकर. आईस काहीच नाही, कारण मुले मागे असता आईचा हिस्सा कायद्याने ठेविलेला नाही. घराचेही तसेच. एका मुलाने आपला हिस्सा तोडून मागितला की जिने चाळीस वर्षे त्या चुलीवर भाकरी थापली, तिला एका खणात राहावे लागेल, अथवा घर विकलेले पाहावे लागेल. "घर पत्नीकडे तिच्या हयातीपर्यंत, त्यानंतर मुलांचे, आईस अमुक शेतातील धान्य," एवढे पतीने रीतसर लिहून ठेविले असते तर हे टळले असते.

आणखीही काही माणसे ह्या वाटणीबाहेर राहतात. घरी आणून वाढविलेले अनाथ मूल, ज्याला कायद्याने दत्तक घेण्याची रीत कोणी पुरी केली नाही, ते वारस होत नाही. मुलगा आधीच वारला असेल तर त्याचा हिस्सा त्याच्या लेकरांस मिळतो. पण सून निपुत्रिक असेल तर सासऱ्याच्या मिळकतीत तिला काही नाही. आमच्या पाहण्यात तर म्हाताऱ्यांच्या उशाशी रात्री जागून काढणारी बहुधा हीच माणसे असतात.

बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले, असाही एक समज आहे. ठेवीवर ज्याचे नाव लाविले त्यास बँक पैसे देते खरी, परंतु त्यामुळे तो मालक होत नाही. वारस त्याजकडून आपला हिस्सा मागू शकतात.

मृत्युपत्र करणे अवघड नाही. करणारा वयात आलेला व शुद्धीवर असावा. विवाहित स्त्रीलाही आपल्या मालकीच्या वस्तूंचे मृत्युपत्र करिता येते. मुद्रांक लागत नाही. साधा कागद व साधी मराठी पुरे. सही करावी, अथवा अंगठा उठवावा, आणि तो निदान दोन साक्षीदारांनी पाहून मृत्युपत्र करणाऱ्यासमक्ष आपापल्या सह्या कराव्या. लहान मुले असली तर त्यांचा पालक कोण, हेही पित्यास त्यात नेमून ठेविता येते.

मग वकील कशास, असे कोणी विचारील. उत्तर हे की, आमच्या कायद्यात काही खाचखळगे आहेत, आणि तालुक्याच्या कचेरीबाहेर जुन्या नमुन्यावरून कागद उतरून देणाऱ्यास ते ठाऊक नसतात. त्याच्याजवळचा नमुना बहुधा हिंदू कुटुंबाचा असतो. ख्रिस्ती मनुष्याच्या मृत्युपत्रावर ज्याने साक्ष घातली, त्यास अथवा त्याच्या पत्नीस त्यात काही दिले असेल, तर ती देणगी रद्द होते. बाकीचे मृत्युपत्र उभे राहते. हिंदूंस हा नियम नाही. म्हणून थोरला जावई हाताशी होता, त्याचीच साक्ष घेतली, असे आमच्या लोकांनी करू नये. मुलीस लिहिलेला तुकडा त्या एका सहीने जाईल. तसेच ख्रिस्ती मनुष्याने विवाह केला की त्याचे पूर्वीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुराने पहिल्या पत्नीच्या लेकरांसाठी सर्व नीट लिहून ठेविले, पुढे दुसरा विवाह केला, आणि जुना कागद पेटीत तसाच राहिला, तर तो कागद आता कोरा समजावा. मागाहून केलेली खाडाखोडही पुन्हा दोन साक्षी घेतल्यावाचून चालत नाही.

जमिनीविषयी तर विचारल्यावाचून एक ओळही लिहू नये. कूळकायद्याने मिळालेल्या, अथवा सातबारावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असलेल्या जमिनीवर बंधने असतात. २०२० साली गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, कूळकायद्यातील हस्तांतराची बंधने मृत्युपत्रासही लागतात. मिशनच्या आवारात परवानगीने राहत असलेले घर आपले नव्हे, ते कोणास लिहून देता येणार नाही, हेही येथेच सांगून ठेवितो.

कित्येकांस आपल्या मंडळीला काही द्यावेसे वाटते. पूर्वी ज्याला पुतण्या-भाच्यापर्यंतचा नातलग होता, त्यास मरणापूर्वी निदान बारा महिने आधी मृत्युपत्र करून ते सहा महिन्यांच्या आत सुरक्षित ठेवण्यास दिल्यावाचून धर्मकार्यास मिळकत देता येत नसे. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनेविरुद्ध ठरविले. मोकळीक मिळाली ही चांगली गोष्ट. परंतु अशा वेळी लेखणी पाळकांनी हाती धरू नये, व वकीलही मंडळीच्या पंचांपैकी नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढे भाऊबंदांनी संशय घेतला तर कागदाबरोबर मंडळीचेही नाव जाते.

वकिलाच्या फीची ज्यांस धास्ती वाटते त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांस, अनुसूचित जातिजमातींच्या लोकांस व अपंगांस उत्पन्न न पाहता, आणि इतर गरिबांस उत्पन्न पाहून, तेथे कायद्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. जाताना सातबारा, घराचा उतारा, बँकेची पुस्तके आणि घरातील सर्वांची नावे व नाती लिहून न्यावी. निम्मे काम तेथेच होते.

नोंदणी सक्तीची नाही, तरी ती करावी असे आम्ही सुचवितो. दुय्यम निबंधकाकडे ती केव्हाही करिता येते, व तसेच कारण असल्यास अधिकारी आजाऱ्याच्या घरीही येऊ शकतो. मजकूर गुप्त ठेवावयाचा असल्यास मोहोरबंद लखोटा जिल्हा निबंधकाकडे ठेविता येतो. ख्रिस्ती लोकांस न्यायालयातून प्रोबेट आणण्याची जी सक्ती असे, ती २००२ साली उठली. कागद घरीच ठेवणार असाल तर धान्याच्या कणगीत किंवा आढ्याला खोचून ठेवू नका. पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि ती कोठे आहे हे निदान दोघांना सांगून ठेवा, ज्यांतील एक घराबाहेरचा असावा.