आधी काळी पट्टी बघ

छत्रीबाग, इंदूर

चि. बाळास,

मांडूच्या स्लाइड्सवर निळसर झाक का येते आणि ती घालवायला कोणता फिल्टर घेऊ, हे दोन प्रश्न तू एकाच वाक्यात विचारलेस. ते आधी वेगळे कर. पहिल्याचं उत्तर हाती येईपर्यंत दुसऱ्याला अर्थ नाही. देखाव्यापासून तुझ्या डोळ्यापर्यंत रंगाला मोठी वाट चालावी लागते. उजेड, हवा, फिल्टर, फिल्म, तिचं वय, तिची धुलाई आणि शेवटी ज्या दिव्यावर स्लाइड धरतोस तो दिवा, इतक्या ठिकाणी त्याचा तोल जाऊ शकतो. निगेटिव्हचं प्रिंट काढताना लॅबवाला ही चूक सांभाळून घेतो. स्लाइडला तशी दुसरी संधी नाही, कॅमेऱ्यात होती तीच फिल्म शेवटचं चित्र होऊन हातात येते. म्हणूनच झाक कुठे शिरली याचा पुरावाही त्याच फिल्मवर शाबूत राहतो, आणि माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की औषध घेण्याआधी तो पुरावा वाचायला शीक.

वाचायची सुरुवात चित्रापासून करू नकोस. दोन चौकटींच्या मधली काळी पट्टी भिंगाखाली धर. तिथे उजेड कधी पोचलेलाच नाही, त्यामुळे तिथला रंग मांडूच्या आकाशाचा किंवा तुझ्या फिल्टरचा असूच शकत नाही. स्लाइड फिल्ममध्ये काळा रंग तीन रंगद्रव्यांच्या पूर्ण थरांनी बनतो: आकाशी, किरमिजी आणि पिवळा. किरमिजी कमी पडला तर पट्टी हिरवट दिसते, आकाशी कमी पडला तर तांबूस, पिवळा कमी पडला तर निळसर. मग दुसरं टोक बघ. रोल चढवताना बाहेर राहिलेली फिल्मची जीभ पूर्ण उजेड खाऊन बसलेली असते, धुतल्यावर ती काचेसारखी स्वच्छ निघाली पाहिजे. तिच्यावर गुलाबी किंवा पिवळट डाग राहिला असेल तर धुलाईत काहीतरी उरलं आहे. एका टोकाला उजेडच नाही, दुसऱ्या टोकाला उजेडाची परिसीमा, आणि ही दोन्ही टोकं प्रत्येक रोलवर फुकट मिळतात. लॅब पुष्कळदा जीभ कापून टाकते, म्हणून रोल देतानाच ती परत मागावी. प्रत्येक फिल्मचा काळा अगदी तंतोतंत सारखा नसतो, तेव्हा त्याच जातीचा एक चांगला धुतलेला रोल तुलनेसाठी जपून ठेव.

पट्टी बिघडलेली निघाली तर संशय फिल्मवर किंवा धुलाईवर जातो. 1976 पासून चालत आलेल्या ई-6 पद्धतीत पहिलं डेव्हलपर 38 अंश सेल्सिअसला सुमारे सहा मिनिटं चालतं, आणि तिथे तापमानात अर्ध्या अंशाचाही फरक खपत नाही. पहिल्या डेव्हलपरची चूक मुख्यतः स्लाइड फिकट किंवा गडद करते, रंगाचा तोल ढळतो तो बहुधा पुढच्या रंग डेव्हलपरमध्ये. माळव्याच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेला किंवा मुदत उलटलेला रोलही असाच फसवतो, उष्णतेने फिल्मवर न पडलेल्या उजेडाचा धूसरपणा चढतो आणि काळा रंग पातळ होऊन रंगीत दिसू लागतो. घरोघरच्या कपाटांतल्या जुन्या एक्टाक्रोम स्लाइड्स तांबड्या होत गेल्या त्याचं कारणही फिल्ममध्येच आहे, अंधारातसुद्धा त्यांचं आकाशी द्रव्य झिजत गेलं. कोडॅक्रोम अंधारात टिकून राहते, मात्र प्रोजेक्टरच्या उजेडात लवकर उडते. या कोणत्याही दोषावर कॅमेऱ्यासमोर लावलेली काच काही करू शकत नाही.

पट्टी काळीशार असेल आणि जीभ स्वच्छ असेल, तर मात्र चित्राकडे ये, आणि इथे घाई अजिबात करू नकोस. दिवसाच्या उजेडाची फिल्म 5500 केल्विनच्या उजेडाला पांढरा मानते. उन्हाबाहेर, नुसत्या निळ्या आकाशाखाली असलेल्या सावलीचा उजेड 7500 केल्विन किंवा त्याहूनही वर जातो. फिल्टरचं गणित करायला दहा लाखाला त्या आकड्याने भागतात: 5500 चे 182 येतात, 7500 चे 133, फरक 49. तू ज्या 81ए फिल्टरचं नाव काढलंस त्याची ताकद 18 आहे. म्हणजे त्या सावलीत तो निम्मंही काम करणार नाही, आणि तोच कायम लावून ठेवलास तर भर दुपारचं ऊन पिवळं होईल. मांडूतला होशंगशाहाचा मकबरा पांढऱ्या संगमरवराचा आहे, तेव्हा त्याची स्लाइड उत्तम साक्षीदार. उन्हातली बाजू पांढरी आणि सावलीतली निळी असेल तर फिल्म खरं बोलते आहे. दोन्ही बाजू सारख्याच निळ्या असतील तर झाक सगळीकडून आली आहे, आणि मग फिल्टर, फिल्म, धुलाई, पाहण्याचा दिवा यांची चौकशी करायची. रूपमती मंडपातून नर्मदेच्या खोऱ्याकडे बघताना दूरची रांग निळी होते ती हवेच्या विखुरण्यामुळे. डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणही फिल्मच्या निळ्या थराला दिसतात. अतिनील रोखणारी काच ते थांबवते, पण हवेतलं धुकं पुसत नाही.

यावर तू म्हणशील, मला तिथे उभं असताना सावली निळी दिसलीच नव्हती. बरोबर आहे, कारण डोळा उजेडाशी जुळवून घेतो आणि संगमरवराला सगळीकडे पांढरंच ठरवतो. फिल्म तसं जुळवून घेत नाही. याच इंदुरात 1874 च्या सुमारास लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हातात घेतला, पुढे तुकोजीराव महाराजांनी त्यांना उत्तेजन दिलं. त्या काळातल्या काचांना मुख्यतः निळाच दिसे, म्हणून तेव्हाच्या चित्रांत आकाश कोरं पांढरं आणि लाल रंग काळा येई. यंत्राचं पाहणं आणि माणसाचं पाहणं यांत अंतर असतं, हे आपल्या शहराच्या छायाचित्रणाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आणि चित्रकारांनी ते अंतर उलट्या बाजूने ओलांडलं. देवळालीकर मास्तरांच्या इथल्या चित्रकला शाळेतून पुढे आलेले नारायण श्रीधर बेंद्रे, जन्म 1910, इंदूरचेच. निसर्गचित्रांतली सावली त्यांच्या पिढीच्या हाताखाली करडी राहिली नाही, तिला रंग आला. तेव्हा तुझ्या संगमरवराची निळी सावली काढून टाकायची की ठेवायची हा तुझा निर्णय, पण ती दोष आहे असं गृहीत धरून निर्णय करू नकोस.

उरलेली कारणं थोडक्यात. स्वस्त करड्या फिल्टरांपैकी काही करडे नसतातच, ते किरमिजी किंवा तपकिरी झाक टाकतात. फिल्टर लावून आणि न लावता एकामागोमाग दोन चौकटी घेतल्या की ते उघडं पडतं. पहाटेच्या लांब एक्स्पोजरला वेल्व्हिया 50 ही फिल्म हिरवट होते. तिच्या तक्त्यात 4 सेकंदाला 5 एम (म्हणजे किरमिजी) फिल्टर आणि एक तृतीयांश स्टॉप वाढवायला सांगितलं आहे, 16 सेकंदाला 10 एम आणि दोन तृतीयांश, आणि 64 सेकंदांचं एक्स्पोजर टाळायलाच सांगितलं आहे. प्रोव्हिया 100एफ 128 सेकंदांपर्यंत काहीही मागत नाही. एकाच रोलवर फक्त लांब चौकटी हिरव्या असतील तर दुसरं कारण शोधू नकोस. आणि स्लाइड मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून निर्णय द्यायचा नाही. 5000 केल्विनचा चांगला लाइट टेबल हवा, भोवतालचा दिवा बंद हवा.

तुझी सगळ्यात मोठी हरकत मला माहीत आहे: स्कॅन करून संगणकावर झाक काढता येते, मग एवढा खटाटोप कशासाठी? सगळीकडे सारखी पसरलेली झाक खरंच निघते, आणि ती तशी काढायला माझा विरोध नाही. पण बिघडलेल्या फिल्मवर बहुधा अशी झाक येते की ढग गुलाबी आणि सावली हिरवी, म्हणजे उजळ भागाचा तोल एकीकडे, गडद भागाचा दुसरीकडे. ढग सुधारायला हिरवा वाढवलास की सावली आणखी हिरवी होते. थराथराने वेगळं दुरुस्त करता येतं, पण कुठे थांबायचं ते सांगायला खरा करडा कुठे आहे हे आधी माहीत लागतं, आणि नेमकं तेच तुला माहीत नाही. शिवाय कारण न कळताच झाक काढलीस तर पुढचा रोलही तसाच येईल, आणि त्या मकबऱ्याच्या सावलीतला खरा निळा रंगही हकनाक पुसला जाईल.

म्हणून पुढच्या खेपेला इंदूरला आलास की इथूनच सुरुवात करू. छत्रीबागेतल्या छत्र्यांचा दगड दुपारी उन्हात आणि सावलीत शेजारी-शेजारी मिळतो. रोलची पहिली चौकट भर उन्हात 18 टक्क्यांच्या करड्या कार्डाची, दुसरी तेच कार्ड छत्रीच्या सावलीत, दोन्ही फिल्टरविना. तिसरी सावलीतच, 81ए लावून. छत्तीसातल्या तीन चौकटी गेल्या म्हणून हळहळू नकोस. उरलेल्या तेहतीस चौकटींवर जी झाक येईल ती या तिघींशी ताडून बघायची. रोल न कापता, जिभेसकट परत मागव, आणि चित्र बघायच्या आधी काळी पट्टी मला दाखव.

तुझा मामा